'परत एकदा करा ना' हे वाक्य मी का सोडलं

काल एका मुलीचा मेसेज आला. "ताई, पहिली स्वतंत्र ऑर्डर मिळालीये. निकाह आहे. आजवर मी फक्त आपल्या पद्धतीची लग्नं केलीत. ७०-२०० लेन्स भाड्याने घेऊ का?" लेन्सचं उत्तर तिला दोन ओळींत देऊन टाकलं. पण तिने जे विचारलं नाही त्याचं उत्तर मोठं आहे. ते इथे लिहिते, म्हणजे लग्नाचे फोटो काढण्याच्या या कामात नव्याने येणाऱ्या बाकीच्यांनाही वाचता येईल.

स्वतंत्र काम सुरू केलं त्याच वर्षी मी एक तमिळ लग्न घेतलं. त्याआधी दोन वर्षं सेकंड शूटर, म्हणजे मुख्य फोटोग्राफरच्या हाताखालची दुसरी फोटोग्राफर म्हणून राबले होते, पण ती सगळी लग्नं माझ्या ओळखीच्या पद्धतीची. तिथे पुढे काय होणार ते मला कानांनीच कळायचं. मंगलाष्टकांचं शेवटचं कडवं सुरू झालं की हात आपोआप कॅमेऱ्यावर जायचा. अंतरपाट खाली येण्याआधीच फोकस लागलेला असायचा. याला मी माझं कौशल्य समजत होते. खरं तर लहानपणापासून इतक्या लग्नांत अक्षता टाकल्या होत्या, त्याची ती पुण्याई होती.

तमिळ लग्नात ताली, म्हणजे तिथलं मंगळसूत्र बांधायची वेळ झाली की घरातलं कुणी वडीलधारं माणूस हात उंचावून वादकांना खूण करतं, आणि नादस्वरम, तविल एकदम टिपेला जातात. याला गेट्टी मेळम म्हणतात. त्या क्षणी शिंक, रडणं, वाईट शब्द असं काहीही अशुभ कानावर पडू नये म्हणून हा गजर. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी मान खाली घालून मागच्या स्क्रीनवर आधीचे फोटो तपासत होते. वाद्यं वाढली तेव्हा मला वाटलं, आता काहीतरी सुरू होईल. मान वर केली तेव्हा सगळे उठून अक्षता टाकत होते आणि माझ्यासमोर नुसत्या पाठी होत्या. पहिली गाठ नवऱ्याने मारली, पुढच्या दोन त्याच्या बहिणीने. तिन्हींपैकी एकही गाठ मला मिळाली नाही.

मग मी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. गर्दी थोडी पांगल्यावर पुढे जाऊन नवऱ्याला म्हणाले, "परत एकदा गाठ मारल्यासारखं करा ना, एकच मिनिट." बिचारा भला माणूस. त्याने हात पुढे केला. नवरीच्या आत्याने त्याचं मनगट धरलं आणि हळूच खाली ठेवलं. त्या मला काही बोलल्या नाहीत, माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या लग्नाच्या अल्बममध्ये ताली बांधतानाचा फोटो नाही.

तेव्हापासून मी कुठल्याही लग्नात कुठलाही विधी थांबवायला किंवा परत करायला सांगितलेला नाही. आणि माझं ठाम मत आहे की कुणीच सांगू नये. भटजींना "जरा थांबा", पाद्रींना "अंगठी अजून एकदा", हार घालताना "असंच धरून ठेवा". हे इतकं सर्रास चालतं की नवीन मुलांना ते कामाचा भागच वाटतं. जे लोक तिथे बसलेत त्यांच्यासाठी तो विधी खरा आहे. नवरा-नवरी त्या क्षणी एकमेकांना काहीतरी कबूल करत असतात. आपण मधे पडून त्याची तालीम करून टाकतो. फॅमिली फोटो हवे तितके मांडून काढा, त्याला कुणाचीच ना नाही. विधीला मात्र हात लावू नका.

पण मग तो क्षण चुकणार नाही याची तयारी आपलीच, आणि ओळखीच्या पद्धतीबाहेर पाऊल टाकलं की ती तयारी जवळजवळ शून्यापासून करावी लागते. मी ती कानापासून सुरू करते. बहुतेक परंपरांत मुख्य क्षणाच्या आधी किंवा नेमक्या त्या क्षणी एखादा आवाज असतो. बंगाली लग्नात बायकांची उलूध्वनी आणि शंख. ज्यू लग्नात पायाखाली काच फुटते आणि सगळे "माझल तोव" म्हणून ओरडतात. पण तो आवाज ऐकून बटण दाबलंत तर उशीर झाला, तिथे आधीचे आशीर्वाद संपत आलेत हे ओळखता यायला हवं. शिखांच्या आनंद कारज या लग्नविधीत प्रत्येक लाव, म्हणजे कडवं, आधी वाचली जाते, मग रागी, म्हणजे कीर्तन गाणारे, ती गायला लागतात आणि जोडपं गुरू ग्रंथ साहिबभोवती चालू लागतं. असं चार वेळा. म्हणजे पहिल्या फेरीत तुम्ही चुकीच्या बाजूला असलात तरी अजून तीन संधी आहेत, हे आधी माहीत असेल तर जीव निम्मा शांत राहतो. शब्द कळले नाहीत तरी चालतं, चाल कळली पाहिजे. मी लग्नाच्या आठवडाभर आधी घरच्यांकडून त्यांच्याच नात्यातल्या एखाद्या लग्नाचा व्हिडिओ मागून घेते आणि एकदा डोळे मिटून नुसता ऐकते. फोटोग्राफरने व्हिडिओ ऐकायचा म्हटल्यावर लोकांना नवल वाटतं, पण मला याचा सगळ्यात जास्त उपयोग झालाय.

आणखी एक गोष्ट अनुभवाने सांगते: अगदी अनोळखी विधीपेक्षा ओळखीचा दिसणारा विधी जास्त फसवतो. पारशी लग्नात नवरा-नवरीच्या मधे कापड धरतात हे कळलं आणि मी निर्धास्त झाले, हा तर अंतरपाट! पण तिथे कापड खाली येताच दोघं एकमेकांवर तांदूळ टाकतात, कोण आधी टाकतं याची चढाओढ असते आणि सगळा मांडव हसत असतो. आपल्याकडे मी चेहऱ्यांवर फोकस धरून हार वर येण्याची वाट बघते. तिथे हात बघावे लागतात आणि शटर १/५०० सेकंदाच्या आसपास ठेवावं लागतं. नवरीच्या ताईने मला हे आदल्या दिवशी सांगितलं होतं म्हणून तो फोटो मिळाला.

विचारायचं कुणाला, हेही शिकावं लागतं. नवरा-नवरीला बऱ्याचदा स्वतःच्या विधींची नीट माहिती नसते, त्यांचंही ते पहिलंच लग्न असतं. त्यांच्याकडून माणसं समजून घ्या: कोण आजारी आहे, कोण परदेशातून येतंय, आईवडील वेगळे झालेत का, कुणाला कुणाच्या शेजारी उभं करायचं नाही. विधी समजून घ्यायचा तो आजी, काकू, थोरली बहीण यांच्याकडून. आणि जागा समजून घ्यायची ती विधी चालवणाऱ्या माणसाकडून. भटजी, काझी, ग्रंथी, पाद्री, रब्बाय, कुणीही असोत, त्यांना लग्नाआधी भेटा. मी तीनच गोष्टी विचारते. मी कुठे उभी राहू? फ्लॅश चालेल का? कोणत्या वेळी कॅमेरा खाली ठेवू? तिसऱ्या प्रश्नाने बहुतेकांचा चेहरा सैल होतो, कारण तो त्यांना सहसा कुणी विचारलेला नसतो.

कॅमेरा खाली ठेवण्याच्या वेळा खरोखरच असतात. अनेक चर्चमध्ये विधी चालू असताना फ्लॅश चालत नाही आणि वेदीच्या पुढच्या भागात जाता येत नाही. गुरुद्वारात डोकं झाकायचं, चपला बाहेर, आणि चांगला कोन मिळतोय म्हणून गुरू ग्रंथ साहिबकडे पाठ करून उभं राहायचं नाही. जपानमध्ये शिंतो विधी बघायला किती सुंदर, नवरा-नवरी तीन पेल्यांतून तीन-तीन घोट साके घेतात, पण कितीतरी देवस्थानांत गाभाऱ्यात फोटोला मनाई असते किंवा एकाच ठरलेल्या जागेवरून काढावा लागतो. ज्यू परंपरेत विधीनंतर नवरा-नवरी काही मिनिटं एका खोलीत दोघंच बसतात, त्याला यिखुद म्हणतात. पारंपरिक घरांत दाराबाहेर साक्षीदार उभे असतात. फोटोग्राफरही बाहेरच. अशा वेळी नवीन मुलांची चुळबुळ होते, आपलं काहीतरी सुटतंय असं वाटतं. सुटू द्या. ती मिनिटं त्यांची आहेत.

आता त्या मुलीच्या निकाहबद्दल. निकाहमध्ये डोळ्यांना दिसेल असं फार थोडं घडतं. ना फेरे, ना अग्नी. प्रस्ताव मांडला जातो, मेहेर (नवऱ्याने नवरीला द्यायची रक्कम किंवा वस्तू) सांगितली जाते, साक्षीदारांसमोर 'कुबूल है' म्हटलं जातं, सह्या होतात. बऱ्याच घरांत नवरी एका खोलीत आणि नवरा दुसरीकडे, म्हणजे दोन ठिकाणं सांभाळायला दोन माणसं लागतात. फोटो असतो तो ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यांत. मी काढलेल्या एका निकाहमध्ये नवरीचा होकार विचारला जात असताना तिची आई तिच्याकडे बघतच नव्हती, ती स्वतःच्या हातातल्या रुमालाची घडी करत होती, उलगडत होती, परत करत होती. त्या घराने सगळ्यात मोठा करून लावलाय तो हाच फोटो. बायकांच्या बाजूला काही जणींना फोटो नको असतो, काहींना चालतो पण घराबाहेर जाऊ द्यायचा नसतो. हे आधी विचारायचं आणि करारात लिहायचं: कोणते फोटो कोण बघणार, पोर्टफोलिओत काय जाणार, काय कधीच जाणार नाही. एडिटिंग बाहेर देत असाल तर तिथे कोण बघतं, हेही. मी बाई असल्यामुळे मला आत प्रवेश मिळतो, आणि त्याचा अर्थ माझ्यावर भरवसा टाकलेला असतो.

थोडं तांत्रिक बोलते, कारण परंपरेचा आणि एक्स्पोजरचाही संबंध आहे. लग्नाचे फोटो कसे काढावेत हे आपण ज्या ट्यूटोरियलमधून शिकतो, त्यांतल्या बहुतेकांत नवरी पांढऱ्या गाऊनमध्ये आणि गोरी असते. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं मधल्या करड्या छटेकडे ओढतो, म्हणून पांढऱ्या पोशाखाला एक्स्पोजर वाढवा, हे सगळे शिकवतात. गडद लाल शालूचं काय करायचं, हे क्वचितच कुणी सांगतं. लाल रंगात साध्या हिस्टोग्रामला (फोटोतला उजेड दाखवणाऱ्या आलेखाला) सगळं ठीक दिसतं आणि लाल चॅनेल मात्र मर्यादेबाहेर जाऊन फाटलेला असतो. जरीकाम, पोत, चुण्या सगळं एक सपाट डाग होऊन जातं. कॅमेऱ्यात लाल, हिरवा, निळा वेगवेगळा दाखवणारा आरजीबी हिस्टोग्राम चालू करा आणि लाल बघा. आणि पांढरा गाऊन म्हणजेच लग्न असंही नाही; युरोपात त्याची फॅशन १८४० मध्ये राणी व्हिक्टोरियाने लग्नात पांढरा पोशाख घातल्यानंतर पसरली, तर चिनी परंपरेत पांढरा रंग शोकाचा आणि लग्नाचा रंग लाल.

त्वचेचंही तसंच. कोडॅक फिल्मच्या काळात लॅबमध्ये रंग जुळवायला 'शर्ली कार्ड' वापरायचे. त्यावर गोऱ्या बाईचा फोटो असायचा, आणि कितीतरी वर्षं तोच त्वचेचा प्रमाण रंग मानला गेला. फिल्म गेली, पण ती सवय प्रीसेटमध्ये, म्हणजे एडिटिंगच्या तयार सेटिंगमध्ये उरली आहे. दोन वेगवेगळ्या वर्णांच्या घरांचं लग्न असेल तेव्हा एकच प्रीसेट सगळ्या फोटोंवर लावू नका. आणि कुणाचीही त्वचा उजळ करू नका. मी ते करत नाही, मागितलं तरी करत नाही, आणि त्यापायी दोन कामं गेली आहेत. नवरीने आपल्या लग्नाच्या फोटोत स्वतःला ओळखायला हवं.

एलईडीच्या उजेडात सायलेंट (आवाज न करणारं) शटर वापरणार असाल तर आधी तिथे जाऊन तपासा, फोटोत पट्टे येतात. जिथे वीज ५० हर्ट्झची आहे तिथे शटर १/१०० सेकंदावर ठेवलं की ते पट्टे बऱ्याचदा जातात, ६० हर्ट्झ असेल तिथे १/१२० च्या जवळ. दोन कार्डांवर एकाच वेळी लिहिणारा कॅमेरा घ्या. घरी आल्यावर कपडे बदलण्याआधी डेटा दोन ठिकाणी कॉपी करा. याबद्दल याहून जास्त काही सांगायची गरज नाही.

दोन परंपरांचं एकत्र लग्न हा प्रकार मला सगळ्यात अवघड वाटतो. अशा पहिल्या लग्नानंतर मी फोटो मोजले, तर माझ्या ओळखीच्या बाजूचे फोटो दुसऱ्या बाजूच्या दुपटीहून जास्त निघाले. जाणूनबुजून केलं नव्हतं. मला जे कळत होतं तिकडे मी वळत होते. चिनी चहाचा विधी होता. नवं जोडपं वडीलधाऱ्यांना मानाच्या क्रमाने चहा देतं, ते घोट घेऊन लाल पाकीट देतात आणि पुढची जोडी येऊन बसते. मला वाटलं, आता हेच पुन्हा पुन्हा होणार, म्हणून चौथ्या जोडीपासून मी ढिली पडले. एका काकांचा कप हातात घेतानाचा फोटोच नाही. प्रत्येक घरासाठी तो एक स्वतंत्र मान होता. आता मी नावांची यादी क्रमाने खिशात ठेवते, आणि दोन्ही घरांतून प्रत्येकी एक माणूस मागते, जो दिवसभर माझ्या कानाशी सांगत राहील.

सुरुवात करणाऱ्यांनो, अनोळखी परंपरेचं पहिलं लग्न एकट्याने घेऊ नका. जो ते नेहमी करतो त्याच्याबरोबर सेकंड शूटर म्हणून जा. एकट्याने घ्यावंच लागलं तर घरच्यांना स्पष्ट सांगा, "तुमच्या पद्धतीचं लग्न मी पहिल्यांदाच करतेय, मला शिकवाल का?" काही जण नाही म्हणतील, त्यांचा तो हक्क आहे. जे हो म्हणतात ते मग मनापासून शिकवतात. आणि कृपा करून मॉडेलला दुसऱ्याच्या लग्नाचे कपडे, दागिने घालून खोटे विधी मांडून पोर्टफोलिओ भरू नका. ज्यांची ती परंपरा आहे त्यांना पहिल्याच फोटोत कळतं की इथे कुणी खरं लग्न पाहिलेलं नाही.

पुढच्या महिन्यात माझं पहिलं ग्रीक ऑर्थोडॉक्स लग्न आहे. एका रिबनने जोडलेले दोन मुकुट दोघांच्या डोक्यांवर तीन वेळा अदलाबदल करतात आणि मग जोडपं मधल्या टेबलाभोवती तीन फेऱ्या घालतं. परवा चर्चमध्ये जाऊन पाद्रींना भेटले. मी उभी होते ती जागा मला फार आवडली होती, तिथून दोन्ही चेहरे आणि खिडकीचा उजेड सगळंच मिळत होतं. ते हसून म्हणाले, "इथे नको, आम्ही इथूनच फिरतो." मग त्यांनी स्वतः टेबलाभोवती एक फेरी चालून दाखवली आणि खांबाजवळच्या एका फरशीवर बोट ठेवलं. त्या फरशीचा फोटो काढून आणलाय.