मीठ घातलेल्या पाण्यात स्टीलच्या प्लेटा बुडवू नका

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय. स्टीलच्या दोन प्लेटांवर निकेलचा कॅटॅलिस्ट (क्रिया सोपी करणारा थर) चढवा, पाण्यात मीठ टाका, बॅटरी जोडा, घातलेल्या विजेपेक्षा जास्त एनर्जीचा हायड्रोजन मिळेल, प्लॅटिनम लागत नाही आणि कंपन्या हे दाबून ठेवतात. माझ्या पुतण्याने सामान जमवलंय आणि विचारतोय, "काका, खोलीत केलं तर चालेल ना?" नाही चालणार!

आधी मिठाचं बघू, कारण त्यानेच माणूस दवाखान्यात जाईल. मिठाच्या पाण्यातून करंट सोडला की पॉझिटिव्ह प्लेटवर फक्त ऑक्सिजन येत नाही, क्लोरीनही येतो. क्लोरीनचे कारखाने याच पद्धतीने चालतात, आणि १९१५ मध्ये, पहिल्या महायुद्धात, बेल्जियममधल्या ईप्रच्या लढाईत सैनिकांवर सोडला तो हाच वायू. शिवाय प्लेट स्टीलची असली तर ती स्वतःच विरघळायला लागते, लोखंड, निकेल, क्रोमियम सगळं पाण्यात उतरतं, आणि त्यातून हेक्साव्हॅलंट क्रोमियम तयार होऊ शकतं ज्याने कॅन्सर होतो, ते पाणी मग तुम्ही ओतणार कुठे? मेसेजमध्ये यावर एक अक्षर नाही याचा मला खरंच राग येतो.

प्लॅटिनम लागत नाही हे मात्र अर्धं खरं आहे, मानावं लागेल. पोटॅशियम हायड्रॉक्साइड या अल्कलीच्या द्रावणात निकेलचे इलेक्ट्रोड, म्हणजे करंट सोडायच्या प्लेटा, कारखान्यांत कित्येक वर्षं चालतायत. पण सेलचा, म्हणजे पाणी फोडायच्या यंत्राचा, पीईएम नावाचा दुसरा प्रकार असतो, त्यात ॲसिडिक पातळ पडदा असतो आणि तिथे निकेल टिकत नाही, तिथे हायड्रोजनच्या बाजूला प्लॅटिनम आणि ऑक्सिजनच्या बाजूला इरिडियम हा महाग धातूच लागतो.

आता जास्त एनर्जी. साध्या तापमानाला पाणी फोडायला किमान १.२३ व्होल्ट लागतात, प्रत्यक्षात कारखान्यातले सेल १.८ ते २ व्होल्टच्या आसपास चालतात. मधला जो फरक आहे तेवढाच कॅटॅलिस्ट कमी करतो, १.२३ च्या खाली तो कधीच नेऊ शकत नाही, मग निकेल लावा नाहीतर प्लॅटिनम. एक किलो हायड्रोजन जाळून जास्तीत जास्त ३९.४ युनिट मिळतात आणि तो बनवायला चांगल्या मशीनला ५० च्या वर युनिट लागतात, त्यात इंजिनात जाळलात तर निम्म्याहून जास्त उष्णतेतच जातं.

आणि दाबून ठेवलंय म्हणे. अमेरिकेत स्टॅन्ली मेयर नावाचा माणूस पाण्यावर गाडी चालवतो म्हणून पैसे गोळा करायचा, गुंतवणूकदार कोर्टात गेले, तज्ज्ञांनी त्याचा सेल तपासला तर नेहमीचंच इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे विजेने पाणी फोडणं, निघालं. १९९६ मध्ये ओहायोच्या कोर्टाने ती घोर फसवणूक ठरवून २५,००० डॉलर परत करायला लावले. इतक्या उघडपणे तपासलेली गोष्ट दाबलेली कशी?

शेवटी, मेसेजसोबतच्या व्हिडिओत हायड्रोजन आणि ऑक्सिजन दोन्ही वायू एकाच बंद बरणीत जमवलेत ते तर अजिबात करू नका. हवेत ४ ते ७५ टक्के हायड्रोजन असला तरी पेटतो, इथे तर सोबत शुद्ध ऑक्सिजन आहे, बारीकशी ठिणगी पुरते. कोणी आधीच जोडणी केली असेल तर खिडक्या उघडा, बॅटरी खोलीबाहेरून बंद करता येत असेल तर तिथूनच करा, आणि बरणीचं झाकण लगेच उघडायला जाऊ नका.