लेननच्या नावावर खपवलेलं ते वाक्य

‘रिंगो स्टार जगातला सोडा, बीटल्समधलासुद्धा सर्वोत्तम ड्रमर नव्हता – जॉन लेनन.’ लेनन म्हणजे साठच्या दशकात गाजलेल्या बीटल्स या इंग्लिश बँडचा गायक-गीतकार, आणि रिंगो त्याच बँडचा ड्रमर. लेननच्या फोटोवर हे छापलेलं आणि खाली रिंगोबद्दल चार ‘धक्कादायक सत्यं’. ड्रम्स शिकणाऱ्या माझ्या भाच्याने हा फॉरवर्ड मला पाठवला, वर ‘मामा, तुझा रिंगो!’ असा टोमणा. म्हणून हा खटाटोप.

आधी ते वाक्य. लेनन असं म्हणालाच नाही. बीटल्सच्या इतिहासाचा सगळ्यात चिवट अभ्यासक मार्क लुइसन याने त्याचा माग काढला, तर ते सापडलं १९८१ साली बीबीसी रेडिओच्या एका विनोदी कार्यक्रमात. लेननचा खून झाला ८ डिसेंबर १९८० रोजी. मेलेल्या माणसाच्या तोंडी विनोद घालायचा आणि तो पुरावा म्हणून वाटत सुटायचं! बरं, लेननचं खरं मत काय होतं? बीटल्स फुटल्यावर १९७० मध्ये त्याने स्वतःचा पहिला गाण्यांचा अल्बम केला, तेव्हा ड्रम्सवर कुणाला बसवलं? रिंगोलाच. बँडमधल्याच जॉर्ज हॅरिसननेही त्याच वर्षी आपल्या अल्बमसाठी त्याला बोलावलं. वाईट ड्रमरला कुणी असं पुन्हा पुन्हा बोलावतं का?

‘पहिल्या रेकॉर्डवर ड्रम्स दुसऱ्याच माणसाने वाजवले.’ अर्धं खरं आहे, मान्य. ११ सप्टेंबर १९६२ ला निर्माता जॉर्ज मार्टिनच्या टीमने ‘लव्ह मी डू’साठी अँडी व्हाइट हा भाडोत्री ड्रमर आणला आणि रिंगोच्या हातात खंजिरी दिली. पण त्याआधी ४ सप्टेंबरला रिंगोनेही ते गाणं वाजवलं होतं, आणि सिंगलच्या (एक-दोन गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डच्या) सुरुवातीच्या प्रतींवर तोच टेक, म्हणजे तेच ध्वनिमुद्रण, आहे. व्हाइटचा टेक अल्बमवर गेला. फॉरवर्डवाल्याने नेमकं हेच गाळलंय.

‘त्याला साधा रोल येत नाही.’ रोल म्हणजे दोन्ही हातांनी सलग, झरझर वाजवलेले ठोके. तो डावखुरा, आणि वाजवतो उजव्यांसाठी मांडलेल्या ड्रम-किटवर. त्यामुळे हात भलत्याच क्रमाने फिरतो, आणि त्याचे ते अडखळल्यासारखे वाटणारे फिल, म्हणजे ओळींमधली जागा भरणारे तुकडे, तिथूनच येतात. बीटल्सचं ‘रेन’ किंवा ‘कम टुगेदर’ हेडफोन लावून ऐका, आणि मग तसं वाजवून दाखवा. भाच्याला हेच सांगितलंय.

‘ड्रम्स पॉलच वाजवायचा.’ पॉल म्हणजे बँडमधला बास गिटार वाजवणारा पॉल मॅकार्टनी. १९६८ च्या ऑगस्टमध्ये रिंगो वैतागून बँड सोडून गेला, तेव्हा ‘बॅक इन द यूएसएसआर’ आणि ‘डिअर प्रूडन्स’ ही दोन गाणी त्याच्याविना झाली. अशी मोजकीच गाणी, एवढंच. काही दिवसांनी तो परतला, तर त्याचं किट फुलांनी सजवलेलं होतं.

शेवटचा मुद्दा, १९६८ मध्ये बीटल्स ध्यान शिकायला महर्षी महेश योगींच्या ऋषिकेशच्या आश्रमात गेले, तिथून तो दहा-बारा दिवसांतच पळाला. पळाला खरा. लहानपणी पोटाच्या आजाराने महिनोन्महिने हॉस्पिटलात काढलेल्या माणसाला तिखट झेपत नव्हतं, म्हणून लंडनहून डबाबंद बीन्स नेले होते. ह्यात ड्रमिंगचा संबंध कुठे आला, ते फॉरवर्डवाल्यालाच ठाऊक.