आमच्या गावचा 'डॉक्टर-डॉक्टरवाला' पिक्चर

आमच्या गावातल्या निदान शंभर-सव्वाशे लोकांनी 'स्पाईज लाईक अस' पाहिला आहे अन् त्यातल्या एकालाही त्याचं नाव माहीत नाही. गावात त्याला 'डॉक्टर-डॉक्टरवाला पिक्चर' म्हणतात. खरं नाव मलाही कॉलेजात गेल्यावर कळलं, तोवर मीही तेच म्हणायचो.

झालं असं की मी नववीत होतो, नव्वदीची सुरुवात, चौकात शारदा बसली होती अन् मंडळाच्या पोट्ट्यांनी वर्गणीतून तालुक्याहून एका रात्रीपुरता व्हीसीआर अन् कलर टीव्ही भाड्यानं आणला, लाईटचा भरोसा नाही म्हणून सोबत जनरेटर. तीन कॅसेटी ठरल्या, दोन हिंदी अन् तिसरी इंग्रजी फायटिंगची. दुकानदारानं दिलेल्या डब्यावर पिस्तूलवाला माणूस होता, आतली कॅसेट भलतीच निघाली. दोन पिक्चर आटोपून ती लागली तेव्हा रात्रीचा एक वाजला असेल, अर्ध्या बाया लेकरं खांद्यावर टाकून घरी गेलेल्या, बाकीचे सतरंजीवर आडवे. फायटिंग काही येईना, दोन माणसं नुसती बोलून राहिली अन् तेही इंग्रजीत. मागून आवाज सुरू झाले, "काय लावलं बे हे, बदला ना!" बदलायला चौथी कॅसेटच नव्हती.

अन् मग तो तंबूचा सीन आला.

हे दोघं अमेरिकन, एक उंच अन् टगा, दुसरा गोल चेहऱ्याचा, पाकिस्तानात वाळवंटात उतरलेले, डॉक्टर असल्याचं सोंग घेऊन एका तंबूत शिरतात. तंबूत सगळे डॉक्टरच. ओळखपाळख सुरू होते. डॉक्टर. डॉक्टर. तो याला डॉक्टर म्हणतो, हा त्याला, मग बाजूच्याला, बाजूचा परत पहिल्याला, मान हलवून, एकदम गंभीर तोंडानं, अन् ते थांबतच नाही. आता ह्याला काय भाषांतर लागते का? आधी समोर बसलेले पोट्टे खिदळले, मग मागचे उठून बसले, अन् मग आमचे मोठेबाबा, जे कधीच हसत नव्हते, ते धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होते. त्याचं कारणही होतं. तेव्हा आमच्या गावात आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी एक जण यायचा, डिग्री कशाची ते कोणी विचारलं नव्हतं, सायकलला बॅग अन् सगळ्या दुखण्यावर एकच सुई, तो त्या रात्री नेमका मुक्कामी होता अन् पहिल्या लाईनीत खुर्चीवर बसून होता. कोणीतरी मागून ओरडलं, "डॉक्टर!" त्यानं सवयीनं वळून पाहिलं. झालं! कॅसेट मागं करून तो सीन आम्ही त्या रात्री चारदा पाहिला.

पुढचे पाच-सहा वर्षं गावात कोणी कोणाला भेटलं की रामराम नाही, डॉक्टर. पारावर डॉक्टर, गिरणीत डॉक्टर. एका लग्नात तर व्याही-भेटीत गळ्यात हार घालताना नवऱ्याच्या मामानं म्हटलं, पोरीकडचे पाहुणे घाबरून गेले की हे सगळं खानदान डॉक्टर आहे काय.

तर सांगायचा मुद्दा हा की तेव्हापासून आजवर मी हा पिक्चर आठ-नऊ वेळा तरी पाहिला अन् माझं प्रामाणिक मत आहे की ह्याच्यावर अन्याय झाला. १९८५ च्या डिसेंबरात आला, डायरेक्टर जॉन लँडिस (ज्यानं मायकेल जॅक्सनचा तो भुतांचा 'थ्रिलर' व्हिडिओ केला तोच), उंच टगा म्हणजे चेव्ही चेस अन् गोल चेहऱ्याचा डॅन आक्रॉइड, लिहिलाही आक्रॉइडनं बाकी दोघांना घेऊन. धंदा बरा केला, अमेरिकेत सहा कोटी डॉलरच्या आसपास, पण समीक्षकांनी झोडला, अन् त्या काळातल्या भारी कॉमेडीची नावं निघाली की ह्याचं नाव कोणी घेत नाही. घेतलंच तर 'हो, टाइमपास आहे'. टाइमपास? मले तर वाटते सरकारी नोकरीवर ह्याच्याइतका खरा पिक्चर कमीच निघाला असेल, अन् मी जिल्हा परिषदेचा मास्तर आहे, बावीस वर्षं झाली, थोडंफार कळते.

गोष्ट पहा ना. गोल चेहऱ्याचा मिलबार्ज पेंटागॉनच्या तळघरात बसून सांकेतिक भाषा उलगडणारा कारकून, डोकं तल्लख, भाषा येतात, मशीन दुरुस्त करते, पण प्रमोशन नाही, काऊन की साहेबाला हा हुशार माणूस हातचा जाऊ द्यायचा नाही म्हणून परीक्षेची नोटीसच साहेब दाबून ठेवतो. दुसरा फिट्झ-ह्यूम, मोठ्या घरचा, काम शून्य, गोड बोलून दिवस काढणारा. असे दोन्ही नमुने तुमच्या ऑफिसात नसतील तर मला सांगा, मी तिथं बदली मागतो.

दोघं परीक्षेला बसतात. फिट्झ-ह्यूम काहीच न वाचता आलेला, एका डोळ्यावर पट्टी, हात प्लास्टरमध्ये, अन् कॉपी करायचे जे जे प्रकार करते ते पाहून दहावीच्या सेंटरवर सुपरव्हिजन केलेल्या कोणत्याही मास्तरचे डोळे भरून येतील. आमच्याकडे भिंतीवरून चिठ्ठ्या येतात, खिडकीखाली मामा-काका उभे असतात, तो प्रकार मेहनतीचा, पण त्यात सोंग नाही. ह्याचं सोंगच भारी, बेशुद्ध पडल्यासारखं करून मिलबार्जच्या पेपरवर वाकते. समोर सुपरवायझर आहे फ्रँक ऑझ, हाच माणूस मपेट्स नावाच्या बाहुल्यांच्या कार्यक्रमातल्या मिस पिगीला आवाज द्यायचा. त्याचा थंड चेहरा पहा फक्त.

पकडले जातात दोघंही. अन् तरी पास होतात! इथंच पिक्चरची खरी गोम आहे. सरकारला एका खऱ्या गुप्तहेर जोडीला रशियाच्या हद्दीत घुसवायचं आहे, तर शत्रूचं लक्ष तिकडं जाऊ नये म्हणून दुसरीकडं दोन बह्याड पाहिजेत, पकडले गेले तर जाऊ दे, मेले तर मरू दे. म्हणून निवडलेले हे दोघं. त्यांना मात्र वाटते आपण निवडले गेलो! ट्रेनिंग होते, गरगर फिरवणाऱ्या मशीनमध्ये बसवतात, विमानातून फेकतात, अन् हे छाती काढून हिंडतात.

आपल्याकडं ह्याला बुजगावणं म्हणतात. वावरात उभं करतो तेच. काडीचा सांगाडा, जुना सदरा, डोक्यावर मडकं.

मला हे जास्त कळण्याचं कारण सांगतो, कोणत्या ऑफिसचं नाव घेत नाही. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान होतं. दोनदा ट्रेनिंग झालं, मशीन जोडा-सोडा, फॉर्म भरा, सील कसं लावायचं ते तीन वेळा समजावलं, घरी बायकोला सांगून निघालो की लोकशाहीचं काम आहे, दोन दिवस फोन लागणार नाही. आदल्या दिवशी तिथं पोचलो तर माझं नाव राखीव यादीत. राखीव म्हणजे कोणी आजारी पडला तर तुम्ही. कोणी आजारी पडलं नाही. मांडवात खुर्चीवर बसून मच्छरं मारली अन् शेवटी घरी परत. बाजूला बसलेल्या एका सरांना मी पिक्चरची स्टोरी सांगितली तर ते म्हणे, "मंग आपण कोण्या खऱ्या पार्टीसाठी बसलो आहोत इथं?" आम्ही दोघं इतके हसलो की शिपाई पाहायला आला.

असो. पिक्चरवर येतो.

त्या काळाचा विचार करून पाहिला तर ह्याची हिंमत अजून कळते. मार्च १९८३ मध्ये रेगननं टीव्हीवरून सांगितलं होतं की रशियाची अण्वस्त्रं हवेतच अडवणारं कवच बनवू, लोकांनी त्याला 'स्टार वॉर्स' म्हणून चिडवलं. नोव्हेंबर १९८५ मध्ये रेगन अन् गोर्बाचेव्ह जिनिव्हात पहिल्यांदा भेटले. अन् त्यानंतर दोन-अडीच आठवड्यांत हा पिक्चर थेटरात, ज्यात अमेरिकेचेच जनरल, एका बंद पडलेल्या ड्राईव्ह-इन थेटरखालच्या तळघरात बसून, रशियाचं एक मिसाईल मुद्दाम अमेरिकेवर सोडायला लावतात, कशासाठी, तर वरचं आपलं लेझर चालते का नाही ते पाहायला! म्हणजे घराला आग लावून पाहू, फवाऱ्याचा पंप सुरू होते का नाही. अन् पंप सुरू होत नाही. लेझरचा नेम चुकते. जनरल साहेबांच्या चेहऱ्यावर पश्चात्ताप बिश्चात्ताप काही नाही, तोच थंडपणा. हा विनोद करायला जिगर लागते, अन् तो रस्त्यावर घसरून पडणाऱ्या दोन येड्यांच्या पिक्चरमध्ये लपवला म्हणून कोणाला दिसला नाही.

शेवटी मिसाईलची दिशा बदलते कोण? तळघरातला कारकून. ज्याला साहेबानं नोटीस दाखवली नव्हती तो. रशियन सैनिकांसोबत बसून हिशोब करते, आकडे भरते अन् ते बेणं अवकाशात नेऊन फोडते. म्हणजे राखणदार झोपले अन् बुजगावण्यानं पीक वाचवलं. प्रत्येक वेळी मी इथं जरा सरसावून बसतो, पहिल्यांदा पाहत असल्यासारखा.

आता खोड्याही सांगतो, नाहीतर म्हणाल मास्तर आंधळा झाला. मधला अर्धा तास घसरतो. पाकिस्तानातले अन् पहाडातले लोक सगळे दाढीवाले, तलवारवाले, ओरडणारे दाखवले, हे काही बरं नाही, आज कोणी असं केलं तर मार खाईल. बायांना काम कमी दिलं, डोना डिक्सन खरी हेर आहे पण कॅमेरा तिच्या हुशारीकडं कमी पाहते. जग संपणार म्हणून जोड्या जोड्यानं तंबूत जायचा जो प्रकार आहे तो त्या शारदेच्या रात्री सुरू झाला तेव्हा मंडळाच्या अध्यक्षानं टीव्हीसमोर सतरंजी धरली होती, म्हणून तो सीन मी थेट वीस वर्षांनी पाहिला. सतरंजीच बरी होती. अन् ताजिकिस्तानचा म्हणून जो बर्फ दाखवला तो नॉर्वेतला आहे, वाळवंट मोरोक्कोतलं. ही तक्रार नाही म्हणा, आपल्याकडं तरी कुठं सगळं जिथल्या तिथं शूट होते.

पण मजा पहा किती ठासून भरली आहे. लँडिसनं आपले दोस्त बोलावून बोलावून एकेका मिनिटाचं काम दिलं, गिटारवाला बी. बी. किंग, टेरी गिलियम, कोस्टा-गाव्रास, जोएल कोएन, सॅम रेमी हे डायरेक्टर लोक, अन् रे हॅरीहाऊझेन, म्हणजे ज्यानं आयुष्यभर एकेक फ्रेम हलवून राक्षस नाचवले तो माणूस. तंबूत गोल्फची काठी घेऊन एक म्हातारा सहज चालत येतो अन् निघून जातो, तो बॉब होप. चाळीस-पन्नासच्या दशकात बिंग क्रॉसबीसोबत असेच दोन लफंगे कुठंतरी भटकतात असे पिक्चर त्यानं केले होते, हा सगळा पिक्चरच त्या जुन्या जोडीला केलेला नमस्कार आहे. आम्हाला तेव्हा ह्यातलं काय कळत होतं! आम्हाला वाटलं शूटिंगमध्ये चुकून कोणी गावकरी घुसला. टायटल साँग पॉल मॅकार्टनीचं आहे, शेवटी पाट्या चालू असताना लागते, शारदेच्या रात्री तोवर जनरेटरचं डिझेल संपलं होतं.

परवा रात्रीचं सांगून थांबतो. हरभरा घाट्यावर आला आहे अन् रानडुकरांनी हैराण करून सोडलं आहे, म्हणून मी अन् मावसभाऊ जागलीवर. त्याला मी हा पिक्चर लहानपणापासून ऐकवत आलो, पण त्यानं पाहिला नव्हता, तो तेव्हा पाळण्यात होता. मचाणावर घोंगडं घेतलं, मोबाईल पाण्याच्या कॅनला टेकवला अन् लावला. मिसाईलच्या गाडीवर हल्ला करायचा म्हणून पिक्चरमधले हे लोक परग्रहावरच्या प्राण्यांची सोंगं घेतात, टेपवर मोठ्यानं गाणं लावतात, रशियन सैनिक तोंड उघडून पाहतच राहतात. तिथं मावसभाऊ म्हणे, "दादा, हेच तर आपण करून राहिलो ना." खरंच होतं. बांधावर आम्ही बॅटरीवरचा भोंगा लावला आहे, त्यात कुत्रं भुंकल्याचा आवाज भरलेला, दर दोन मिनिटांनी भुंकते, अन् मधात बुजगावणं, त्याच्या अंगात माझा इलेक्शन ड्युटीवर घातलेला पांढरा शर्ट.

पिक्चर संपला तेव्हा अडीच वाजले होते. आम्ही दोघं हसून हसून थकलेले, कधी डोळा लागला ते कळलं नाही.

सकाळी उतरून पाहिलं तर नाल्याकडचा कोपरा सपाट. हरभऱ्याच्या पाच-सहा ओळी उकरून टाकलेल्या, घाटे चघळून थुंकलेले, चिखलात खुरांचे ठसे थेट बुजगावण्याच्या पायापर्यंत, तिथं डुकरं बहुतेक अंग घासून गेली असतील कारण काडी जरा वाकली होती. शर्ट जसाच्या तसा. भोंगा भुंकूनच राहिला होता. मी डोक्याला हात लावून बांधावर बसलो. मावसभाऊ काही बोलला नाही, हळूच बुजगावण्यासमोर जाऊन उभा राहिला, त्याची बाही हातात घेतली, मान हलवली अन् एकदम गंभीर तोंडानं म्हणे,

"डॉक्टर."

मग माझ्याकडं वळला.

"डॉक्टर," मी म्हटलं.