पाठीवर बिऱ्हाड, पायाखाली न्यूझीलंड

सर्वात आधी मनाशी पक्कं करा की तुम्ही पर्यटक नाही. पर्यटक म्हणजे एकसारख्या टोप्या घालून बसमधून उतरणारे, गाइडच्या झेंड्यामागे पळणारे आणि रात्री जेवणात जिरा राइस निघाला की टाळ्या वाजवणारे. तुम्ही बॅकपॅकर. पाठीवर मोठी सॅक, पोटावर छोटी सॅक, आणि दोन्हींच्या मधे जे काही उरतं ते म्हणजे मुक्त भटका माणूस. या मुक्तपणासाठी व्हिसाच्या अर्जाला बँकेचं स्टेटमेंट जोडावं लागतं, राहत्या महिन्यामागे 1,000 न्यूझीलंड डॉलर दाखवावे लागतात, आणि ते बाबांच्या खात्यातून आलेले असतात. हे ब्लॉगवर लिहायचं नाही.

ऑकलंडला उतरलात की एक डिक्लरेशन भरायचं असतं. खायचे पदार्थ आणलेत का? डोंगरात वापरलेले बूट, तंबू? ट्रेक ग्रुपमधला एखादा अनुभवी सांगेल, ‘सगळीकडे नो टिक कर, कोण बघतंय?’ त्याचंच ऐका. राजमाचीची लाल माती बुटांच्या खाचांत तशीच असू द्या, ती आपली ओळख आहे. आईने थर्मलमध्ये गुंडाळून दिलेली मधाची बाटली आणि कढीपत्त्याची पुडी तर हक्काचीच. मग एक बीगल शेपूट हलवत येईल आणि तुमच्या सॅकशेजारी शहाण्यासारखा बसेल. किती गोड, म्हणून फोटो काढू नका. त्याने नुकताच तुम्हाला 400 डॉलर दंड लावलाय. (खरं लिहिलं असतं तर मध आणि कढीपत्ता तेवढा गेला असता, आणि बूट आत नेऊन धुऊन आणून दिले असते, तेही फुकट. पण त्यात कसला थरार?)

हॉस्टेलात आठ जणांची खोली घ्या. पहाटे पाचची बस असेल तर रात्री सामान अजिबात आवरू नका. पहाटे उठा, कपाळावर हेडलॅम्प लावा, तो समोरच्या बंकवरच्या मुलीच्या डोळ्यांवर रोखा आणि मग प्लॅस्टिकच्या पिशव्या एकेक करून उघडा. करकर, करकर. नेमकी हवी ती वस्तू शेवटच्या पिशवीत असते, त्यामुळे कोणाचीच झोप अर्धवट मोडत नाही.

स्वयंपाकघरात फ्रिजमधल्या प्रत्येक पिशवीवर नाव आणि जायची तारीख लिहायची पद्धत आहे. शिवाय एक ‘फ्री’ फळी असते: निघणारे लोक उरलेलं तेल, मीठ, पास्ता तिथे ठेवून जातात, ज्याला लागेल त्याने घ्यावं. या फळीवर तुमचा महिनाभराचा संसार चालतो. ठेवायची पाळी आली की मात्र ‘पुढच्या गावी लागेल’ म्हणून अर्धी वाटी साखरही बांधून घ्या. आणि एकदा तरी कडकडीत फोडणी द्याच. मोहरी तडतडली, मिरच्या पडल्या, धूर वर गेला की छतावरचा अलार्म बोंबलू लागतो आणि सगळं हॉस्टेल पायजम्यात रस्त्यावर येतं. याला सांस्कृतिक देवाणघेवाण म्हणतात.

शहरांवर फार वेळ घालवू नका. वेलिंग्टनला ‘ते पापा’ नावाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, पण परदेशी पाहुण्याला 35 डॉलर तिकीट, म्हणजे आतला सगळा इतिहास बाहेरच्या पायऱ्यांवर बसूनच समजून घ्यायचा. तेवढ्याच पैशांत बर्गर आणि बिअर होते.

खरी मजा डोंगरात, कारण तिथे तुमचा जन्मसिद्ध अधिकार आहे. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढलेल्या माणसाला कोण काय शिकवणार? कळसूबाई 1,646 मीटर, न्यूझीलंडचं सर्वात उंच शिखर आओराकी (माउंट कुक) 3,724 मीटर, म्हणजे फरक जेमतेम दोन हजारांचा. मिलफर्ड साउंडला, म्हणजे डोंगरांत घुसलेल्या तिथल्या खाडीपाशी, वर्षाला जवळजवळ सात मीटर पाऊस पडतो म्हणे. मग आंबोलीला काय कमी पडतो? नदी फुगली असेल तर पाणी उतरेपर्यंत थांबा, असा तिथला नियम. एकोणिसाव्या शतकात इतके वसाहतवाले नद्या ओलांडताना बुडत की बुडून मरण्याला ‘न्यूझीलंडचं मरण’च म्हणत. पण त्यांनी कुठे पावसाळी भीमाशंकर केलं होतं! कुठे चाललोय ते कोणाला सांगू नका, हटमधल्या (डोंगरातल्या मुक्कामाच्या झोपडीतल्या) वहीत नाव लिहू नका, आणि संकटात मदत बोलावणारा, भाड्याने मिळतो तो सॅटेलाइट बीकन तर मुळीच घेऊ नका. मोबाइलला रेंज नसेल तर हात उंच करून पाहा.

मिलफर्ड ट्रॅक 53.5 किलोमीटर, चार दिवस. मोसमात रोज स्वतंत्र चालणारे फक्त 40 जण सोडतात, तंबू लावायला बंदी, बुकिंग कित्येक महिने आधी. तुम्ही आयत्या वेळी जा आणि वॉर्डनला सांगा, ‘कोपऱ्यात पथारी टाकतो, ॲडजस्ट करा.’ तो ‘सॉरी’ म्हणेल. पुन्हा म्हणा. आपल्याकडे तिसऱ्यांदा जमतं.

टोंगारिरो या ज्वालामुखी डोंगराळ भागाची शिखरं 1887 साली माओरींचे (तिथल्या मूळ रहिवाशांचे) प्रमुख ‘ते हेउहेउ तुकिनो’ यांनी देशाच्या स्वाधीन केली. शिखरं पवित्र आहेत, माथ्यावर चढू नका आणि तळ्यांच्या पाण्याला हात लावू नका, एवढीच तिथल्या लोकांची विनंती. गडावरच्या टाक्यात कोणी पाय धुतले की रागाने पानभर पोस्ट लिहिणारे तुम्हीच, पण हिरव्यागार तळ्यात पाय सोडून बसल्याशिवाय रील कसं होणार?

मिलफर्ड ज्या भागात आहे त्या फिओर्डलंडमध्ये सँडफ्लाय नावाच्या बारीक माश्या चावतील. माओरी कथेत मृत्यूची देवी हिने-नुइ-ते-पो हिनेच त्या सोडल्या. इतकं सुंदर ठिकाण पाहून माणसं तिथेच ठाण मांडतील, ही तिला धास्ती. तुम्ही अर्ध्या चड्डीत ठाण मांडा. घोट्यांवर ज्या गांधी उठतील त्या घरी पोचेपर्यंत टिकतात, फ्रिजवरच्या मॅग्नेटचे पैसे वाचतात.

गावाकडच्या रस्त्याला अंड्यांचे, फळांचे छोटे ठेले असतात. माणूस नसतो, पैसे टाकायला फक्त पेटी. पाचची नोट टाकायची, आणि त्या नोटेवर एडमंड हिलरी आहेत. ते 1985 ते 1989 दिल्लीत उच्चायुक्त होते, आपल्या लोकांना जवळून ओळखत. ‘सुट्टे नाहीत’ हे कारण त्यांच्याकडे बघत सांगायला जरा धाडस लागतं. होईल सवय.

परत आल्यावर ग्रुपवर प्रेझेंटेशन द्या. म्हाताऱ्या शेतकऱ्याने भर पावसात गाडी थांबवून तुम्हाला घरी नेलं, सूप दिलं, बूट शेगडीपाशी वाळवले, सकाळी बसस्टॉपवर सोडलं. या सगळ्याचं स्लाइडवर शीर्षक ‘हिचहायकिंग हॅक’. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं असेल तर ‘लोकल्स’ लिहा. कोणी खर्च विचारलाच तर दिवसाचा आकडा सांगा. त्यात विमानभाडं, व्हिसा, इन्शुरन्स आणि तो 400 डॉलरचा दंड धरायचा नाही.