‘सरकारने रिकाम्या वर्गांवर मास्तर का पोसावेत?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मागच्या लेखावर तुम्ही मनापासून लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देते. तुम्ही नाशिकच्या एका शिक्षणसंस्थेच्या कार्यकारिणीवर आहात आणि तुमचं म्हणणं असं : जिल्हा परिषदेच्या शाळांत मुलंच उरली नाहीत, तिजोरीत पैसा नाही. डीएड-बीएडवाल्या पोरांनी सरकारी नोकरीचा नाद सोडून खाजगी शाळा धरावी.

पट घटला, हे खरं. डीएड कॉलेजांचं पेव फुटलं तेव्हा कोणी आवर घातला नाही, हेही खरं. पण म्हणून काम उरलं नाही, हे मला मुळीच मान्य नाही. आपल्या जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याकडच्या एखाद्या आदिवासी पाड्यावरच्या शाळेत जाऊन बसा. पहिली ते चौथी एकाच खोलीत, गुरुजी एकच. पहिलीला पाटीवर गिरवायला देऊन ते चौथीचा भागाकार घेतात, मध्येच पोषण आहाराची माहिती भरायला रेंज शोधत बाहेर जातात. त्यांना बैठकीला बोलावलं की शाळेला कुलूप. शिक्षणहक्क कायद्याने साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेलाही दोन शिक्षक सांगितलेत. तो दुसरा शिक्षक गंगापूर रोडवरच्या अभ्यासिकेत शिक्षकभरतीच्या अभियोग्यता चाचणीचे प्रश्नसंच सोडवत बसलाय.

आता पैशाचं. २०११ च्या पटपडताळणीत, म्हणजे हजेरीपटावरची मुलं खरोखर आहेत का याच्या तपासणीत, खोटा पट उघडा पडला. तो लावणारे वेगळेच, पण २०१२ मध्ये शिक्षकभरती बंद झाली ती सगळ्यांची. डिसेंबर २०१७ मध्ये अभियोग्यता चाचणी झाली. तिच्यावरची भरती रेंगाळलेली असतानाच ४ मे २०२० ला वित्त विभागाने कोरोनाच्या काटकसरीत नवी पदभरती थांबवली. पुढची चाचणी थेट २०२३ मध्ये. २०२४ ला २१,६७८ जागांची जाहिरात होती, पहिल्या यादीत शिफारस ११,०८५ जणांची. लागला तरी तीन वर्षं शिक्षणसेवक, म्हणजे पगाराऐवजी मानधनावर; प्राथमिकला महिना १६,०००. २०२३ पर्यंत तर ते ६,००० होतं! आणि जुलै २०२३ मध्ये रिक्त जागांवर निवृत्त शिक्षकांना २०,००० देऊन बोलवायचं ठरलं. म्हणजे जागा होती, कामही होतं. पंचविशीतल्या पोरांनी हे वाचून काय समजायचं?

खाजगी शाळेचं म्हणाल, तर माझी भाची बीएड होऊन शहरालगतच्या एका इंग्रजी शाळेत लागली. सही एका आकड्यावर, हातात त्याच्या निम्मेही नाहीत. मे महिन्याचा पगार नाही आणि जूनमध्ये पुन्हा नवं नेमणूकपत्र, म्हणजे सेवा सलग धरायलाच नको. तिने वर्ग मनापासून सांभाळला, तरीही.

आणि इथलंच सांगते. २०२५ च्या पावसाळ्यात नाशिकच्या आदिवासी विकास भवनासमोर आश्रमशाळांचे रोजंदारी कर्मचारी, त्यांत शिक्षकही, बिऱ्हाड मांडून बसले होते. वर्षानुवर्षं काम केलेल्या जागांवर ठेकेदारामार्फत माणसं घ्यायचं ठरलं होतं. मुलं नाहीत म्हणून ते रस्त्यावर आले नव्हते.

तुम्ही कार्यकारिणीवर आहात, म्हणून एक विनंती. तुमच्या संस्थेत अनुदानित पदं रिक्त असतील, तर त्यांची बिंदुनामावली (कुठली जागा कुठल्या आरक्षणाची, ती यादी) तपासून झाली का, जाहिरात शिक्षकभरतीच्या सरकारी पवित्र पोर्टलवर गेली का, की तासिकेवर माणूस लावून वर्ष काढलं जातंय, एवढं येत्या बैठकीत विचाराल का? जे उत्तर मिळेल ते इथेच लिहा. मी वाट बघते.