फायबरचा बनियन ईसीजी काढत नाही

नातेवाइकांच्या ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचा गाभा असा: 'इंटरनेटच्या ऑप्टिकल फायबरपासून विणलेला बनियन आला आहे. अंगात घाला, ईसीजी, बीपी, शुगर सगळं मोबाइलवर. बॅटरी नाही, रेडिएशन नाही, ९९ टक्के अचूक. लॅबच्या खेपा बंद!' सोबत निळ्या प्रकाशाने चमचमणाऱ्या कापडाचा फोटो. मजकूर धादांत खोटा असता तर हसून सोडून दिला असता. पण लवचीक फायबरचे, म्हणजे प्रकाश वाहून नेणाऱ्या काच-प्लास्टिकच्या बारीक धाग्यांचे, सेन्सर खरोखर आहेत, त्यांवर चांगलं काम चाललंय, आणि नेमकं म्हणूनच या मजकुराला उत्तर द्यायला हवं.

आधी फोटोचं बघू. ते कापड सजावटीचं आहे. धाग्यातून एवढा प्रकाश बाहेर सांडत असेल तर मोजायला आत उरणार काय? शिवाय अनेक फायबर सेन्सर १५५० नॅनोमीटरच्या आसपासच्या अवरक्त प्रकाशावर चालतात, आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

'ईसीजी निघतो.' नाही निघत. हृदयाच्या स्नायूंतून विजेची लहर जाते, तिचा साधारण एक मिलिव्होल्टचा पडसाद त्वचेवर उमटतो; त्याचा आलेख म्हणजे ईसीजी. काच किंवा प्लास्टिकच्या साध्या फायबरला ही वीज जाणवतच नाही. त्याला जाणवतं ते वाकणं, ताणलं जाणं, दाब आणि तापमान; त्यांनी धाग्यातला प्रकाश बदलतो आणि तो बदल मोजतात. म्हणजे छातीवरचा धागा हृदयाचा धक्का आणि श्वासाबरोबरचा बरगड्यांचा फुगवटा टिपतो. त्यावरून ठोक्यांचा दर कळतो, श्वासाचा वेग कळतो, ठोके अनियमित पडतायत का याचा अंदाजही येतो. हे कमी नाही. पण हृदयाची वीज आणि हृदयाची हालचाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अतिदक्षता विभागात कधी कधी मॉनिटरवर लहरी व्यवस्थित उमटत असतात आणि रुग्णाची नाडी मात्र हाताला लागत नाही. उलट, हार्ट अटॅकमध्ये डॉक्टर ईसीजीत जे बदल शोधतात ते विजेच्या आलेखातले असतात. ठोके मोजणाऱ्या धाग्याला ते दिसणार नाहीत. छातीत दुखत असताना कोणी बनियनकडे बघत घरी बसला, तर हा फॉरवर्ड जिवावर बेतेल.

'बीपी कळतं.' इथे थोडं तथ्य आहे. फायबरच्या गाभ्यात ठरावीक अंतराने कोरलेल्या सूक्ष्म पट्ट्यांवरून, म्हणजे ब्रॅग ग्रेटिंगमधून, प्रकाशाची एकच तरंगलांबी परत फिरते, आणि धागा ताणला की ती किंचित सरकते. याच तत्त्वावर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एस. अशोकन यांच्या गटाने मनगटावरच्या नाडीची लहर टिपून दाखवली आहे. पण नाडीच्या लहरीचा आकार म्हणजे पाऱ्याच्या मिलिमीटरमधला आकडा नव्हे. तो आकडा काढायला आधी दंडाला गुंडाळायच्या पट्ट्याच्या यंत्राने बीपी मोजून मेळ बसवावा लागतो, आणि काही काळाने तो मेळ पुन्हा तपासावा लागतो. पट्टा नसलेल्या उपकरणांवर उच्च रक्तदाबाचं निदान करू नये, असं युरोपियन सोसायटी ऑफ हायपरटेन्शनने सांगितलं आहे. गोळीचा डोस अशा आकड्यावर बदलू नका.

'शुगर कळते.' सगळ्यात धोकादायक ओळ हीच. टोचल्याशिवाय रक्तातली साखर मोजण्याचा दावा करणारी घड्याळं आणि अंगठ्या वापरू नका, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मंजुरी देणाऱ्या संस्थेने) फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. तोवर असं एकही उपकरण त्यांनी मंजूर केलेलं नव्हतं. घामात ग्लुकोज असतं, पण रक्ताच्या तुलनेत फारच थोडं, आणि घाम किती आला यावरही ते बदलतं. गंमत म्हणजे प्रकाशाने साखर मोजणारं मंजूर उपकरण आहे. एव्हरसेन्स नावाचा सेन्सर २०१८ मध्ये मंजूर झाला. पण तो दंडाच्या त्वचेखाली छोटा छेद देऊन बसवतात. बनियनच्या अंगात तेवढी ताकद नाही.

बॅटरी आणि रेडिएशन एकदमच उरकतो. धाग्याला वीज लागत नाही, हे बरोबर. पण धाग्यात प्रकाश सोडणाऱ्या एलईडीला, तो पकडणाऱ्या डिटेक्टरला आणि मोबाइलशी बोलणाऱ्या ब्लूटूथला लागते. ती डबी कमरेला असतेच. ब्लूटूथ आलं म्हणजे रेडिओलहरीही आल्या, आणि त्या क्ष-किरणांसारख्या नसल्याने एरवीही घाबरायचं कारण नव्हतं.

आता '९९ टक्के अचूक'. कशाच्या तुलनेत? कोणावर? खुर्चीत शांत बसलेल्या मोजक्या निरोगी तरुणांवर ठोके मोजून असा आकडा मिळू शकतो. खरी अडचण पुढे सुरू होते. काचेच्या ब्रॅग ग्रेटिंगमध्ये, १५५० नॅनोमीटरला, एक मायक्रोस्ट्रेन (लांबीच्या दहा लाखाव्या भागाइतक्या) ताणाने तरंगलांबी साधारण १.२ पिकोमीटर (पिकोमीटर म्हणजे नॅनोमीटरचा हजारावा भाग) सरकते; आणि एक अंश सेल्सिअस तापमान वाढलं तर साधारण १० पिकोमीटर. एसी ऑफिसातून मे महिन्याच्या उन्हात आलात, कातडी तीन अंशांनी तापली, की धाग्याच्या लेखी तो २५ मायक्रोस्ट्रेनचा ताण! म्हणून शेजारी ताण न पडणारा दुसरा धागा ठेवून तापमान वजा करावं लागतं. शिवाय ही सूक्ष्म सरक वाचणारं यंत्र अजून लाखांच्या घरात आहे.

काच सोडून मऊ पॉलिमर (रबरासारखं प्लास्टिक) घेतलं तर धागा स्वस्त होतो आणि कोपराबरोबर ताणलाही जातो, जे काचेला झेपत नाही. पण त्यात प्रकाश घटला तर तो ताणल्यामुळे, वाकल्यामुळे की दाबल्यामुळे, हे एका धाग्यावरून कळत नाही. कॉर्नेल विद्यापीठात रॉब शेफर्ड यांच्या गटाने २०२० मध्ये यावर सुंदर तोड काढली: एकाच धाग्यात दोन गाभे, एक गाभा पारदर्शक, दुसऱ्यात जागोजागी रंग भरलेले. कुठला रंग किती शोषला गेला, यावरून धागा कुठे आणि कसा ताणला, वाकला की दाबला गेला ते ओळखायचं. त्यांनी याचा हातमोजा करून दाखवला. त्यालाही लिथियम बॅटरी होतीच.

आणि ज्या ठिकाणी या धाग्याला खरंच तोड नाही, त्याचा फॉरवर्डमध्ये उल्लेखही नाही. एमआरआयच्या चुंबकात धातूच्या तारा तापू शकतात, चित्रात अडथळा आणतात. काचेचा धागा तिथे निर्धास्त जातो. भूल दिलेल्या रुग्णाचा श्वास आत मशीनमध्ये चालू असताना बाहेरून पाहता यावा, म्हणून युरोपात ऑफसेथ नावाच्या प्रकल्पात असे फायबर कापडात बसवून पट्टे तयार केले गेले. ते मोजत होते फक्त श्वास.