पाणी तेवढंच आहे तर मग आटतं कसं? (एका प्रतिक्रियेला जरा लांबलचक उत्तर)

एवढी मोठी कमेंट टाइप केलीत त्याबद्दल आधी थँक्स. खरं सांगतो, सकाळी वाचली तेव्हा डोकं फिरलं होतं, संध्याकाळी परत वाचली तर त्यातला एक मुद्दा चक्क बरोबर निघाला, त्यावर शेवटी येतो. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो, मागच्या लेखात मी लिहिलं होतं की पृथ्वीवरचं पाणी नुसतं फिरत राहतं, एक थेंबही नष्ट होत नाही. त्यावर तुमचं म्हणणं असं की मग सरोवरं आटली, भूजल संपलं ही ओरड म्हणजे निव्वळ ढोंग. शिवाय नदीत पावसाचंच पाणी असेल तर पाऊस थांबून चार-पाच महिने झाले तरी ती वाहते कशी? आणि कॅस्पियन समुद्राला सरोवर म्हटलं ही म्हणे घोडचूक.

नदीपासूनच सुरू करतो कारण हीच शंका शेकडो वर्षं भल्याभल्यांना होती. एवढ्या नद्यांना पाऊस पुरणार कसा, म्हणून समुद्राचं पाणी जमिनीखालून डोंगरात चढतं, वाटेत मीठ गाळलं जातं आणि वर झरा फुटतो असं लोक मानायचे. मग पिएर पेरो नावाच्या फ्रेंच माणसानं सेन नदीच्या उगमाकडच्या भागात वर्षाला पाऊस किती पडतो आणि नदीतून पाणी किती जातं याचा सरळ हिशोब मांडला आणि १६७४ मध्ये छापला. निघालं काय, तर पाऊस नदीतल्या पाण्याच्या साधारण सहापट! म्हणजे प्रश्नच उलटा झाला ना, पाऊस पुरतो का हे सोडा, उरलेलं जातं कुठे ते सांगा.

तर त्यातलं बरंचसं वाफ होऊन उडतं आणि बरंच झाडं ओढून घेऊन पानांतून हवेत सोडतात. विश्वास बसत नसेल तर उन्हातल्या एखाद्या पानांनी भरलेल्या फांदीला पारदर्शक प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधून ठेवा, तासा-दोन तासांत आतून धुकं धरतं, मग थेंब ओघळून खालच्या कोपऱ्यात जमायला लागतात, हे सगळं पाणी मुळांनी मातीतून उचललेलं. आणि राहिलेल्यातलं काही मुरतं. तुम्ही लिहिलंत की या हिशोबात पाणी कुठेतरी मुरतंय, अहो मुरतंयच! मातीच्या कणांमधून, खडकाच्या भेगांतून ते इतकं हळू सरकतं की दिवसाला हातभर गेलं तरी बरं म्हणायचं, घट्ट चिकणमातीत तर वर्षाला काही सेंटिमीटर. हेच पाणी महिन्यांनी, कधी कधी वर्षांनी, काठातून आणि तळातून नदीत पाझरतं. कोरड्या दिवसांत तुम्हाला दिसते ती नदी म्हणजे जुना पाऊसच आहे.

आता ढोंगाचं. पृथ्वीवर साधारण १३८ कोटी घन किलोमीटर पाणी आहे, पण सगळ्या नद्यांत मिळून एका वेळी जेमतेम २ हजारच्या आसपास. हवेत वाफेच्या रूपात सुमारे १३ हजार, ते सगळं एकदम पडलं तरी पृथ्वीभर अडीच सेंटिमीटरचा थर होईल फक्त. आणि पाऊस तर जगभराची सरासरी काढली तर वर्षाला १ मीटरच्या आसपास पडतो, म्हणजे हवेतलं पाणी वर्षातून चाळीसेक वेळा बदलतं, भागाकार करा, ९ दिवसांचा मुक्काम येतो. समुद्रात हाच मुक्काम सरासरी ३ हजार वर्षांच्या घरात जातो. त्यामुळे एकूण किती आहे याला फारसा अर्थ नाही, कुठे आहे आणि किती काळ अडकलंय ते बघा.

अरल समुद्राचं घ्या. १९६० च्या सुमारास ६८ हजार चौरस किलोमीटर, जगातलं चौथं मोठं सरोवर. अमू दर्या आणि सीर दर्या या दोन नद्यांचं पाणी कापसासाठी वळवलं, ते कालव्यांतून, शेतांतून उडून गेलं, दुसरीकडे कुठेतरी पडलंही असेल. पृथ्वीच्या खात्यात फरक शून्य, पण मासेमारीच्या बोटी कोरड्या वाळूवर गंजत उभ्या राहिल्या आणि तळाचं मीठ वाऱ्यावर उडायला लागलं. आता सांगा, तिथली ओरड ढोंगी होती का?

कॅस्पियनचं पटकन. त्याला महासागराकडे वाट नाही आणि खारटपणा समुद्राच्या साधारण एक तृतीयांश, म्हणून भूगोलवाले सरोवर म्हणतात. काठावरच्या पाच देशांनी २०१८ मध्ये करार केला, त्यातही धड समुद्र नाही धड सरोवर नाही असा मधला दर्जा दिला, तेव्हा आपण दोघं भांडण्यात पॉइंट नाही.

आणि तुमचा तो बरोबर निघालेला मुद्दा. झाडं अन्न बनवताना पाण्याचा रेणू तोडतात, मग थेंबही नष्ट होत नाही असं कसं? मान्य, चुकलो. आपण श्वासात घेतो तो ऑक्सिजन त्या तुटलेल्या पाण्यातूनच सुटलेला असतो, आणि आपल्या श्वसनात किंवा लाकूड जळताना पाणी परत तयारही होतं. शिवाय वरच्या हवेत पाण्याची थोडीशी वाफ सूर्यप्रकाशानं फुटते, त्यातला हायड्रोजन अवकाशात निसटतो, तो कायमचा गेला. लेखातलं ‘एक थेंबही’ काढून ‘जवळजवळ काहीच’ असं केलंय. कॅस्पियन मात्र सरोवरच ठेवलंय.